कुणाच्या रानात घावलं?

मण्यांच्या कपाटासमोर सात-आठ वर्षांचा एक मुलगा काचेला नाक टेकवून उभा होता. काचेवर त्याच्या श्वासाचा गोल उमटायचा, विरायचा, पुन्हा उमटायचा. मागे त्याचे आजोबा. धोतर, टोपी, कपाळावर नुकताच लावलेला बुक्का. गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन, वेळ आहे तर हेही बघू म्हणून दोघं इकडे वळलेले दिसत होते. पोरानं बराच वेळ ते तांबडे, काळे, पांढऱ्या रेघांचे मणी न्याहाळले आणि मान न वळवता विचारलं, "आबा, हे कुणाच्या रानात घावलं?" आजोबांनी कपाटाकडं पाहिलं, मग दाराबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं आणि म्हणाले, "तवा हितं रान नव्हतं बाळा. गाव हुतं." पोरगं क्षणभर थांबलं. "मग आता कुणाचं रान हाय?" याचं उत्तर आजोबांपाशी नव्हतं. दोन पावलांवर मी उभी होते, माझ्यापाशीही नव्हतं. मग आजोबांनी त्याचा हात धरला आणि दोघं मडक्यांच्या कपाटाकडं गेले.

हे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमधलं, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयातलं. परत येताना एसटीत, नंतर घरी भाकरी थापताना, रात्री झोप लागण्याआधी तो प्रश्न येतच राहिला. मोठी माणसं संग्रहालयात वस्तूचं वय विचारतात, किंमत विचारतात, खरी आहे का म्हणून शंका काढतात. शेतकऱ्याच्या घरातलं लेकरू आधी पत्ता विचारतं. आंबे कुणाच्या झाडाचे, कडबा कुणाच्या रानातला, वासरू कुणाच्या गाईचं. वस्तू म्हणजे तिच्यामागचं घर, बांध, विहीर, भाऊबंदकी हे सगळं आलं. त्याशिवाय ती वस्तू पुरती ओळखीची होत नाही. त्या मुलाला मणी आवडले होते आणि त्याला त्यांची ओळख करून घ्यायची होती, इतकं साधं होतं ते.

माझं आजोळ तेरपासून लांब नाही. आमच्या भागात गाव दोन मातींचं असतं, काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीत माणूस राहतो. पिढ्यानपिढ्या माणसं एकाच जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, पडलेल्यावरच नव्या उभ्या राहिल्या, राख, शेण, हाडं, खापरं सगळं एकमेकांत मुरलं, की ती माती पांढरट होते आणि उंच होत जाते. जिथलं गाव उठून गेलं तिथं नुसतं टेकाड उरतं. लोक त्यालाही पांढरच म्हणतात. ही माती माझ्या लहानपणी फार कामाची होती. मृग लागायच्या आधी, उन्हाळ्याच्या अखेरीस, मामा बैलगाडी जुंपून पांढरीची माती आणायचा. आमचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर फळ्या आणि पाला, आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. काळी माती वाळली की भेगाळते. पांढरी दबून बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून दर वर्षी माळवदावर नवी पांढरी पसरायची, पाणी मारायचं, चोपण्यानं चोपून घ्यायची. पहिला पाऊस त्या मातीवर पडला की सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, खाली घरात जो वास उतरायचा, तो मला अजून दुसरीकडं कुठं आलेला नाही. नुसता ओल्या मातीचा नव्हता. त्यात जुन्या राखेचा काहीतरी खारट अंश होता.

आम्हा पोरांचं काम गाडीतली माती खाली ओतली की खडे वेचायचं. खडे वेचता वेचता खापरं निघायची, काळ्या-तांबड्या चकाकत्या मडक्यांची. शंखाच्या बांगडीचा तुकडा निघायचा. आणि कधीतरी मणी. मणी सापडला की तो आजीकडं द्यायचा, हा नियम होता. आजी तो पदराला पुसायची, उजेडात धरायची, भोक मोकळं आहे का बघायची आणि काळ्या दोऱ्यात ओवायची. ती माळ लाकडी पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली असायची. तिला त्या माळेचं कौतुक होतं, पण देवघरात ठेवावी इतकं नाही आणि गळ्यात घालावी इतकंही नाही. "मागल्या माणसांचं हाय," एवढंच म्हणायची.

तेरला गेलं की कळतं, आजीची ती माळ म्हणजे एका मोठ्या गोष्टीचा किती बारका तुकडा आहे. तेरणा नदीच्या काठावर आजच्या गावाच्या अंगाखांद्याला ती टेकाडं लागून आहेत. त्यांच्या पोटात एक शहर आहे. सातवाहनांच्या काळातलं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याकडं येणाऱ्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं जी वाटाड्यावही लिहून ठेवली, तिच्यात हे नाव आहे. तो लिहितो, गुजरातेतल्या भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीक यायचा, तगरहून साधं कापड पुष्कळ, आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हे सगळं गाड्यांमधून, रस्ते नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशातून भडोचला पोचायचं आणि तिथून जहाजात चढायचं.

ती ओळ मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी माझं मन 'साधं कापड' या दोन शब्दांपाशी थांबतं. मलमल राजेरजवाड्यांकडं गेली असेल, तिची वर्णनं झाली असतील. साधं कापड कुणी नेसलं? कुठल्या तरी बंदरातल्या हमालानं, गलबतावरच्या खलाशानं, तांबड्या समुद्राच्या पलीकडच्या एखाद्या बाईनं. इथं तेरणेच्या काठी कुणीतरी वेचणी केली, सरकी काढली, सूत कातलं, माग लावला. त्यातलं कापड एक वीतभरसुद्धा उरलेलं नाही, ते उरणारही नव्हतं. आपल्या जमिनीत, आपल्या पावसात कापड टिकत नाही. उरतो तो मणी, उरतं ते खापर. संग्रहालयात फिरताना मला सतत वाटत होतं की ज्या गोष्टीनं हे गाव जगाला माहीत झालं, तीच इथं नाही. मग मातीच्या बायकांच्या मूर्तींपाशी गेले. त्यांच्या कमरेवरच्या नाजूक रेघा पाहिल्या, निऱ्या पाहिल्या, आणि वाटलं, कापड आहे की. मातीत उतरून राहिलंय.

या मूर्ती फार सुंदर आहेत. काही चिकणमातीच्या, तांबूस. काही पांढऱ्याशुभ्र केओलिनच्या, पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या. बोटाएवढ्या चेहऱ्यावर इतकं निगुतीनं काम, की केसांच्या बटा मोजाव्यात. माझ्या पुढं चार-पाच बायकांचा घोळका होता, दर्शनाला आलेला. त्या केसांवरून बोलत होत्या. अंबाडा कसा बांधलाय, फुलं कुठं माळलीत. एकीनं कानातलं बघून सांगितलं की असं तिच्या आजीच्या कानात होतं. पुढं चार पायांचा दगडी पाटा दिसला. त्यातल्या म्हाताऱ्या बाईनं सुनेला तिथंच समजावलं, पाय असले म्हणजे वाकायला कमी लागतं, वाटण खाली सांडत नाही, पाटा उचलून धुता येतो. बोलता बोलता तिचे दोन्ही हात हवेत वरवंटा धरल्यासारखे पुढं-मागं होत होते. मी मोठ्या शहरांतली संग्रहालयं पाहिली आहेत. तिथं वस्तूसमोर माणूस जरा बिचकून उभा राहतो. इथं बायका वस्तूंना हातानं ओळखत होत्या. जातं, रांजण, पणती, खेळण्यातला बैल, भोवरा. दोन हजार वर्षांचं अंतर त्यांच्या बोलण्यात अडथळा म्हणून येतच नव्हतं.

हस्तिदंती बाहुली बघायला मात्र सगळे थांबतात. तिची कथा एव्हाना शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. अंगभर दागिने ल्यालेली, पायांत जड वाळे घातलेली एक उभी स्त्री. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात तिची बहीण शोभावी अशी एक हस्तिदंती मूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ते शहर गाडलं गेलं, म्हणजे त्याआधीच ती आपल्याकडून तिकडं पोचलेली होती. वीतभर उंचीची, दोन्ही बाजूंना छोट्या दासी, डोक्यातून खाली गेलेलं भोक. आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या नाजूक लाकडी सामानाचा पाय, असं अभ्यासक म्हणतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही १९७३ च्या उत्खननात अशाच घडणीच्या मूर्तीचा अर्धा भाग मिळाला. तेर, भोकरदन, पाँपेई. तीन गावं, आणि घडवणाऱ्यांचा हात एकाच वळणाचा.

मला या गोष्टीतलं एक वेगळंच सलतं. पाँपेईच्या मूर्तीला पत्ता आहे. ती कुठल्या घरात सापडली हे माहीत आहे, इतकं की त्या घराला आता 'भारतीय मूर्तीचं घर' असंच नाव पडलंय. कुणी जाऊन त्या घराच्या उंबऱ्यात उभं राहू शकतं. नेपल्सच्या संग्रहालयात एखाद्या पोरानं तोच प्रश्न विचारला, तर त्याला बोट धरून दाखवता येईल. तेरच्या बाहुलीचं तसं नाही. ती उत्खननाच्या मोजलेल्या चौकोनातून, थर लिहून, फोटो काढून वर आलेली नाही. ती लामतुऱ्यांच्या संग्रहातून आपल्यापर्यंत पोचली. ती कुठल्या टेकाडाच्या कुठल्या अंगाला, कशाच्या शेजारी पडलेली होती, तिच्याबरोबर राख होती की वीट होती, हे विचारायला गेलं की वाट तिथंच संपते.

पण म्हणून माझ्या मनात लामतुऱ्यांविषयी तक्रार येत नाही. उलट जितका विचार करते तितका आदर वाढतो. ते या गावातलेच. पावसानं टेकाडं धुतली की वस्तू उघड्या पडायच्या, लोक माती काढताना निघायच्या, नांगराला लागायच्या. गावाला त्यांचं अप्रूप नव्हतं. असणार तरी कसं, घराच्या पायात त्याच विटा आणि माळवदावर तीच माती. अशा गावात एक माणूस वर्षानुवर्षं, स्वतःच्या खर्चानं, हे गोळा करत राहिला. नाणी, मणी, मूर्ती, भांडी, शंखाच्या बांगड्या, रोमन नाण्यांची नक्कल करून केलेली मातीची पदकं. हजारोंनी वस्तू. पुढं हा संग्रह सरकारकडं गेला आणि गावातच राहिला. मुंबईला नेला नाही, हैदराबादला नेला नाही, विकला तर नाहीच. हे 'गावातच राहिला' मला सगळ्यांत मोठं वाटतं. नाहीतर त्या म्हाताऱ्या बाईनं सुनेला पाटा कुठं समजावला असता?

आणि खोदकामही झालंच. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथं उत्खनन केलं, नंतरही खड्डे पडले, थर उलगडले. त्याच्याही आधी हे शहर नुसतं नावापुरतं होतं. तगर म्हणजे नक्की कोणतं, यावर विद्वानांनी किती वर्षं डोकं लावलं! कुणी दौलताबाद म्हणायचं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ मध्ये इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी बोट ठेवलं ते निजामाच्या राज्यातल्या या गावावर. म्हणजे एका अख्ख्या शहराचा पत्ताच हरवला होता. गंमत अशी की त्याचं नाव मात्र लोक लांब लांब घेऊन फिरत होते. ठाण्याकडं आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. तगर सोडून किती पिढ्या झाल्या असतील, शहराची रया गेली असेल, तरी आम्ही मूळचे तिकडचे हे राज्याच्या कागदावर लिहिण्याइतकं महत्त्वाचं होतं. पुण्यात मला कुणी गाव विचारलं की मी आजोळाचं नाव सांगते. तिथं आता आमचं एक पडकं घर आणि मामीची चूल एवढंच आहे. शिलाहारांचं मला अगदी समजतं.

माळवद आता नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पहाटे चार वाजायच्या जरा आधी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, ती सगळी गावं आमच्यापासून तशी दूर, पण आमच्याही घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. आम्ही सगळे वाचलो. तिकडं हजारो माणसं गेली. बहुतेक घरातच, झोपेत, दगडी भिंती आणि डोक्यावरची ती माती अंगावर येऊन. जी माती आम्ही लहानपणी वेचत होतो, चोपत होतो, जिच्या वासाला पावसाचा वास म्हणत होतो, तीच टनांनी खाली आली होती. त्यानंतर आमच्या भागात माळवदाखाली झोपायला माणूस धजेना. लोक महिनोन् महिने अंगणात, रानात, ताडपत्रीखाली झोपले. मग एकेका घराचं माळवद उतरलं आणि पत्रे चढले. आमच्या घराचं उतरवलं तेव्हा मी तिथं होते. मामा आणि गडी वरून पाट्या भरभरून माती खाली टाकत होते. वर्षानुवर्षांचे थर, एकावर एक, प्रत्येक उन्हाळ्याचा एक. अंगणात ढीग झाला तो माझ्या उंचीहून मोठा. मी कुतूहलानं खडे वेचायला बसले. आजी ओरडली. मला तिनं हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, आता नको त्या मातीला हात लावू. तिचा हात थरथरत होता. त्या ढिगात किती मणी असतील, किती बांगड्या. तो ढीग पुढं गाड्या भरून ओढ्याच्या कडेला टाकला.

तेव्हापासून पांढरीच्या मातीबद्दल मला एक काही धड वाटत नाही. तिचा वास आठवला की आजोळ आठवतं, आणि त्याच्या पाठोपाठ ती पहाट. तेरच्या टेकाडावर उभी राहिले, पायाखाली खापरं करकरली, वाऱ्यानं तोंडावर ती पांढरी धूळ आली, तेव्हाही दोन्ही एकदमच आलं.

गावात गोरोबाकाकांचं घर आहे, तेरणेकाठी समाधी आहे. लोक तेरला येतात ते त्यांच्यासाठीच. नामात दंग होऊन चिखल तुडवताना आपलं रांगतं लेकरू पायाखाली आलं तरी ज्यांना कळलं नाही, ते काका. संतांच्या मेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं हे सांगणारे काका. ही कथा मी कितीदा कीर्तनात ऐकली आहे, आणि भूकंपानंतर ती पहिल्यासारखी ऐकता येत नाही. माती लेकरू घेते, हे आमच्या भागात कथेतलं राहिलेलं नाही. तरी बायका समाधीवर डोकं टेकवतात, लेकराला पायावर घालतात, अंगारा लावतात. मीही टेकवलं. तिथून त्रिविक्रमाच्या देवळात गेले. हत्तीच्या पाठीसारखं गोलावलेलं विटांचं छत, चैत्यासारखी कमान, आत पाऊल उचलून उभा असलेला त्रिविक्रम. मुळात हा बौद्धांचा चैत्य असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. मातीत कोंडा कालवून भाजायचे, कोंडा जळून जायचा आणि वीट आतून सच्छिद्र व्हायची. डोक्यावर एवढं छत, आणि इतक्या शतकांत पडलं नाही. मी मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मनात आलं, आमच्या माळवदाला हे का सुचलं नाही.

घरी आल्यावर चैन पडेना म्हणून मामीला फोन लावला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. माळ आता मामीकडं आहे, त्याच पेटीत. मी विचारलं, "मामी, आजीच्या माळेतले मणी कुठं कुठं घावलेले, काही ठाऊक आहे का?" मला वाटलं म्हणेल, कुणास ठाऊक माय. पण ती म्हणाली, "थांब, घेऊन बसती." पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग तिनं एकेक मणी बोटात धरून सांगायला सुरुवात केली. तांबडा लांबुळका आहे तो गढीखालच्या रानात, हरभरा खुडताना, तिला स्वतःला सापडलेला. त्याच्या शेजारचा काळा-पांढरा, चिंचेच्या रानातला, नांगरटीत. मामाच्या हातचा. तो बारका निळा काचेचा माळवदाच्या मातीतला, "तूच काढलेला, फ्रॉक घालत होतीस तवा." शंखाचा चपटा आहे तो शेजारच्या घरच्या म्हातारीनं दिलेला, तिच्या माहेरून आणलेला, म्हणजे तो आपल्या गावचाच नव्हे. एक मणी आला तिथं ती थांबली. हा सासूबाईंच्याही आधीचा, म्हणाली, याचं त्याच सांगू शकल्या असत्या.

मी कागद-पेन घेऊन लिहीत होते. गढीखालचं, चिंचेचं, वड्याकडचं, विहिरीच्या वरलं. सातबाऱ्यावर ही नावं नसतात, तिथं गट नंबर असतो. ही नावं फक्त त्या रानात राबलेल्या माणसांना माहीत असतात आणि आमच्या गावात अशी माणसं आता मोजकी उरली आहेत. पोरं पुण्याला, शेतं वाट्यानं, सोयाबीन काढायला मशीन. मशीनवरच्या माणसाला मणी दिसत नाही. हरभरा खुडायला वाकलेल्या बाईला दिसतो. त्या एका फोनमध्ये मला जे मिळालं ते कुठल्याही कपाटात नाही, आणि मामीनंतर ते राहणारही नाही. आमच्या एका घरात इतकं निघालं. तेरच्या भोवतालच्या गावांत अशा किती पेट्या असतील, किती म्हाताऱ्या, ज्यांना अजून सांगता येईल की हे कुणाच्या रानात घावलं? वस्तू संग्रहालयात जावी की घरात राहावी हा भांडणाचा विषय आहे. पण निदान जागा, माणूस, कुठलं काम करताना मिळालं, एवढं कुणीतरी घरोघर जाऊन लिहून घ्यायला हवं, आणि ते आत्ताच हवं. कॉलेजातली पोरंसुद्धा हे करू शकतील. त्याला खड्डा खणावा लागत नाही, आपल्याच घरच्या म्हातारीजवळ बसावं लागतं.

कायदा मला माहीत नाही असं नाही. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असं १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावशेष, असं १९७२ चा. आजीला यातला एकही कायदा ठाऊक नव्हता. दोन्ही कायदे मला पटतात. चोरांनी आपली देवळं आणि टेकाडं कशी रिकामी केली हे आपण पाहिलंय. पण ज्या घरात तीन पिढ्या हे मणी एकही न विकता, एकही न हरवता राहिले, कुठला कुठून आला हे तोंडपाठ राहिलं, त्या घराला नुसतं 'वस्तू जमा करा' म्हणणं मला जड जातं. मी मामीला चाचरत सांगितलं की ही माळ तेरच्या संग्रहालयात दिली तर पुष्कळ लोकांना बघायला मिळेल, आपण लिहिलेली ही यादीही सोबत देऊ.

ती काही बोलली नाही लवकर. मग म्हणाली, "दोरा काढतील का गं?" मी म्हटलं, काढतीलही, मणी वेगवेगळे करून ठेवतात. "सासूबाईंच्या हातचा दोरा हाय त्यो." मी गप्प बसले. संग्रहालयाच्या दृष्टीनं मणी सातवाहन काळातले, दोरा परवाचा. मामीच्या दृष्टीनं मोलाचं नेमकं उलट आहे, आणि मला तिला चूक म्हणता येत नाही. शेवटी तिनंच तोड काढली. चैत्रात काकांच्या यात्रेला तिला यायचंच आहे. तेव्हा ती माळ पदराला बांधून आणणार आहे, कुणाच्या हातात देण्याआधी ते कपाट स्वतः बघणार आहे, तिथल्या माणसाशी बोलणार आहे. दोऱ्यासकट ठेवत असतील तर द्यायची. नाहीतर परत पेटीत. यादी मात्र मी तोवर नीट उतरवून ठेवायची आहे, आणि तिनं बजावलंय की निळ्या मण्यापुढं माझं नाव घालायला विसरू नको.